पोरीचं पॉइंट टू-टू पिस्तूल सारखं अडकत होतं : पुण्यातल्या आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या) काकांच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या लोकांना खालचं सगळं वाचायला नको. काम नाद खुळा आहे, पण टायमाचं काय खरं नाही, अर्धा मार्क तिथंच गेला.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. पोरगी २५ मीटर पिस्तूल खेळते, पॉइंट टू-टू एलआर म्हणजे लाँग रायफल काडतुसाचं, सेमी ऑटोमॅटिक, मॅगझिनमध्ये पाच राउंड, म्हणजे पाच काडतुसं. कोल्हापुरात हा खेळ म्हणलं की राही सरनोबतचं नाव निघतंच, २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियन गेम्समध्ये ह्याच इव्हेंटला तिनं गोल्ड घेतलं आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनासुद्धा कळतं की पिस्तूल फक्त पिक्चरमध्ये नसतं. आमच्याकडचं पिस्तूल क्लबचं, लायसन क्लबच्या नावावर, त्यामुळं रिपेरीला न्यायचं तर कोच मॅडम आणि सगळे कागद बरोबर पाहिजेतच, माझं काम गाडी चालवायचं आणि पैसे द्यायचं. मेक मुद्दाम सांगत नाही. युरोपियन आहे, चांगलं आहे, आणि शेवटी दोष त्या मेकचा निघालाच नाही, मग उगाच कशाला कुणाचं नाव.

प्रॉब्लेम काय होता तर राउंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत, नीट जायचा नाही. राउंड आत ढकलणारा बोल्ट पुढं यायचा आणि मधेच थांबायचा. मॅचच्या पहिल्या, सावकाश मारायच्या प्रिसिजन स्टेजला हे झालं तर एकवेळ चालतं, पाच राउंडला पाच मिनिटं असतात, माणूस श्वास तरी घेतो. पण दुसऱ्या, रॅपिड स्टेजला तीन सेकंद हिरवा लाइट, सात सेकंद लाल, असं पाच वेळा आणि प्रत्येक हिरव्याला एकच शॉट. त्यात तिसऱ्या शॉटला हात वर आला, साइट बसली, चाप ओढला आणि काहीच नाही. अशा वेळी पोरीचं तोंड बघवत नाही हो. नियमात मालफंक्शनला सवलत आहे, पण डोक्यात जे बसतं त्याला सवलत नाही. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं ते सगळ्या देशानं बघितलं, आणि ते तर एअर पिस्तूल होतं, त्यात मॅगझिनमधून राउंड वर चढायची भानगडच नसते. आमच्या टू-टू मध्ये अडकायला जागाच जागा.

आधी एका लायसनवाल्या दुकानात दिलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी राउंड मारून बघितलं नाही, मॅगझिन बघितली नाहीत, रिकॉइल स्प्रिंग बदलली आणि बिल हातात दिलं. नवीन स्प्रिंग जुनीपेक्षा कडक. आता ह्या पिस्तुलात बोल्टला लॉक वगैरे काही नसतं, राउंड फुटला की त्याच्याच धक्क्यानं बोल्ट मागं जातो, बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा खेळ, ह्याला ब्लोबॅक म्हणतात. मॅचचे राउंड स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे, म्हणजे साध्या वेगाचे, सेकंदाला साधारण ३३० मीटरच्या आतबाहेर, म्हणजे धक्का मुळातच कमी. त्यात स्प्रिंग कडक केली की बोल्ट पूर्ण मागं जातच नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या आत परत येतो आणि तिला उभीच्या उभी चिमटीत धरतो. म्हणजे दुकानात जायच्या आधी एक आजार होता, आल्यावर दोन झाले.

मग मॅडमनीच ह्या काकांचं सांगितलं. फौजेत आर्मरर होते, रिटायर झाल्यावर पुण्यात एका लायसन असलेल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये बसतात. नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकायचा नाही असं त्यांनीच बजावलंय त्यामुळं टाकत नाही, तुमच्या कोचला विचारा, पिस्तूलवाल्या बहुतेक कोचना माहीत असतात.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारा माणूस. मशीन आलं की पहिलं खोलायचं हा आमचा धर्म. मला वाटलं काका पण पिस्तूल टेबलवर आलं की खोलणार. छे! त्यांनी बॅगची चेनसुद्धा उघडू दिली नाही, आधी पोरीला समोर बसवलं. "बाळ, पाचातला कितवा राउंड अडकतो?" पोरगी म्हणाली, "काका, बहुतेक दुसरा नाहीतर तिसरा. पहिला कधीच नाही." मान हलवली. "गोळ्या कुठल्या डब्यातल्या?" तेही तिला सांगता आलं, तिच्या डायरीत असतं. "आणि मॅगझिन कुठलं?" आता चार मॅगझिन, चारही सारखीच दिसणारी, कुणाला काय सांगणार. काकांनी खिशातनं मार्कर काढला आणि चारींच्या बुडाला १, २, ३, ४ असे आकडे टाकले. म्हणाले, हे पहिल्या दिवशी करायचं असतं, पिस्तूल विकणाऱ्यानंच करून द्यायला पाहिजे. खरंय की.

मग पुण्यातल्याच बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर. पोरगी मारत होती आणि काका मागं स्टुलावर बसून बघत होते, टार्गेटकडं एकदाही बघितलं नाही, नजर सगळी बोल्टवर आणि तिच्या मनगटावर. जॅम झाला की काय करायचं ते ठरलेलं : नळीचं तोंड टार्गेटकडंच, बोट चापाच्या बाहेर, मॅगझिन काढायचं, बोल्ट मागं ओढायचा आणि अडकलेला राउंड फेकायचा नाही, काकांच्या डबीत टाकायचा. चार डब्या, चार आकडे. मी इतकी वर्षं कारखान्यात रिजेक्शन बघतोय पण रिजेक्ट झालेला जॉब कुठल्या मशीनवरचा हे एवढं शिस्तीत वेगळं ठेवणारा सुपरवायझर मला अजून भेटायचाय.

तासाभरानं घड्याळजीचा लूप, म्हणजे भिंग, डोळ्याला लावून एकेक राउंड बघायला लागले आणि मलाही दाखवला. तीन नंबरच्या डबीतल्या सगळ्या राउंडच्या शिशाच्या नाकावर डाव्या बाजूला, अगदी एकाच जागी, नखानं दाबल्यासारखी चंद्रकोर उमटलेली. बाकीच्या डब्यांतल्या राउंडला ती खूण नाही, पण त्यातल्या काहींच्या शिशावर, जिथं पितळ संपतं तिथंच, काळा कडा उठलेला. काका म्हणाले, "बघा साहेब, हे दोन वेगळे रोग आहेत. चंद्रकोर मॅगझिनची, काळा कडा चेंबरचा." बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, बोल्ट अर्धवट पुढं येऊन थांबलेला. म्हणून नुसतं "जॅम होतंय" एवढं सांगून उपयोग नसतो. राउंडचं नाक कुठंतरी धडकलं का, राउंड सरळ जाऊन शेवटच्या दोन मिलिमीटरला थांबला का, पुंगळी आतच राहिली का, का बाहेर पडता पडता उभी अडकली, प्रत्येकाचं कारण वेगळ्या जागी.

तीन नंबरच्या मॅगझिनपासून सुरुवात. माझ्या बॅगेत बारीक माप घ्यायचा व्हर्निअर असतोच, सवय आहे. वरच्या दोन ओठांमधलं अंतर चारी मॅगझिनचं मोजलं. तीन सारखी, तिसरं मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आत पण स्पष्ट फरकानं फाकलेलं, तेही एकाच बाजूला. कधीतरी सिमेंटच्या फरशीवर ओठांवर पडलेलं असणार, क्लबचं पिस्तूल म्हणजे दहा हात लागतात. ओठ फाकला की राउंड वर येताना एका अंगाला कलतो आणि नाक चेंबरच्या कडेला जाऊन बसतं. मी म्हणलं, काका पक्कड द्या, आत्ता बसवतो. हात धरला त्यांनी माझा. पातळ पत्रा आहे, वाकवला तर आज बसेल, पण दोनशे राउंडनंतर परत उघडेल आणि तेव्हा नेमकी मॅच असेल. मॅगझिन भंगारात, कंपनीचं नवीन मागवा. मॅच पिस्तुलाच्या मॅगझिनची किंमत ऐकून तोंड कडू होतं हे सांगून ठेवतो, पण मुद्दा पटला.

बाकी तीन मॅगझिन खोलून आतला फॉलोअर, म्हणजे राउंडना खालून वर ढकलणारी पट्टी, काढला. बोटानं पुसला तर काळा मेणचट थर. टू-टू च्या गोळीला वंगण बाहेरून लावलेलं असतं, मेण किंवा ग्रीससारखं, कारण शिसं आणि पितळ एकाच जाडीचं असतं आणि वंगण लपवायला आत जागाच नसते, मोठ्या काडतुसासारखं नाही ते. ते वंगण बोटाला लागतं, मॅगझिनच्या भिंतीला लागतं, त्यावर दारूची काजळी बसते आणि फॉलोअर अडकत अडकत वर येतो. बोल्ट वेगात, फॉलोअर सावकाश, मग राउंड वेळेवर वर पोचत नाही. मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं, तेलाचा थेंबसुद्धा नको. क्लबमधली पोरं तर तेलच ओततात सगळीकडं, देवाला वाहिल्यासारखं.

आणि मॅगझिन भरायची पद्धत. हे पोरीला दहा वेळा करून दाखवलं. टू-टू च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली की बोल्ट वरच्याला ढकलताना तो खालच्यालाही ओढत नेतो, दोघं एकमेकात अडकतात. त्यामुळं एकेक राउंड खाली दाबून मागं सारायचा, पाच झाले की मॅगझिनची पाठ तळहातावर हलकी आपटायची आणि डोळ्यानं बघायचं, नाकं सगळी एका ओळीत थोडी वर तोंड करून आहेत का. दोन सेकंदाचं काम. दुकानवाल्यानं हे सांगितलं असतं तर निम्मं पेट्रोल वाचलं असतं माझं.

आता चेंबर, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. पिस्तूल रिकामं करून, दोनदा बघून, मग खोललं. कापसाची कानकाडी घेतली आणि चेंबरच्या तोंडाशी गोल फिरवली. बाहेर काढली तर काही तंतू तुटून आतच राहिलेले. फायरिंग पिन आपटते त्या जागी बारीक बर, म्हणजे धातूची उठलेली कड! रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं की काही पिस्तुलात पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, कारण रिमफायरची पिन मधे नाही, कडेला मारते. बरेच मॅच पिस्तुलांना ड्राय फायरची, म्हणजे रिकाम्या सरावाची, वेगळी सोय असते म्हणून हे होत नाही, पण कधीतरी कुणीतरी ती सोय न लावता टिकटिक करत बसलं असणार. आता बर म्हणलं की माझा हात कानशीकडं जातो, पण इथं कानस लावायची नाही, मटेरियल काढायचं नाही, एका पॉलिश केलेल्या गोल पिननं ते परत जागेवर दाबून बसवतात. पाच मिनिटं लागली. परत कानकाडी फिरवली, एक तंतू अडकला नाही. असलं काम बघितलं की पैसे द्यायला जिवावर येत नाही.

मग त्या काळ्या कड्याचं. चेंबरच्या आत, जिथं पितळेचं तोंड येऊन थांबतं, बरोबर त्याच्या पुढं मेण, शिसं आणि काजळी मिळून एक कडक कडं तयार होतं. राउंड सरळ जातो पण शेवटी त्या कड्याला टेकतो, बोल्ट पूर्ण बंद होत नाही, आणि बंद नाही तर फायर नाही. जसे राउंड वाढतील तसं कडं वाढतं म्हणून सरावाच्या शेवटी शेवटी जॅम जास्त, आणि आपल्याला वाटतं पोरगी दमली. सॉल्व्हंटचा थेंब, दहा मिनिटं थांबायचं, चेंबरच्या मापाचा ब्राँझ ब्रश, मग चिंध्या काळ्या यायच्या बंद होईपर्यंत. काकांचं म्हणणं असं की लोक नळी घासतात आणि चेंबर सोडतात, खरं तर उलट पाहिजे. टू-टू ची नळी रोज घासायची गरजच नसते, आणि नळीच्या तोंडाकडून रॉड घालून तर बिलकूल नको, तोंडाची कड झिजली की अ‍ॅक्युरसी गेली.

रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालून सुईनं जी घाण निघाली ती कागदावर ठेवून दाखवली, मोहरीच्या दाण्याच्या निम्मी असेल, काळी, दगडासारखी. एवढीशी. पण नख रिमवर पूर्ण बसायला तेवढ्यानं अडत होतं. आणि ती कडक स्प्रिंग काढून जुनी परत घातली, मॅडमनी नशिबानं टाकली नव्हती.

गोळ्यांचं थोडक्यात. काका एक ब्रँड चिकटवून देत नाहीत. तीन प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकीचे एकाच लॉटचे पन्नास पन्नास राउंड मारून बघायला लावले, प्रत्येक वेळी तेच एक नंबरचं मॅगझिन, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्या पिस्तुलात एसके पिस्टल मॅच सगळ्यात सुरळीत चालली, जर्मनीत शोनेबेकला बनते, लापुआ कंपनीच्याच घरातली, गोल नाकाची. गोल नाक सेमी ऑटोला बरं पडतं, रायफलसाठीची काही महाग अ‍ॅम्युनिशन चपट्या नाकाची असते, ती एकेक हातानं भरायला उत्तम पण मॅगझिनमधून चढताना काही पिस्तुलांना आवडत नाही. एली कंपनीनं आपल्या टेनेक्स गोळीची पिस्तुलासाठी वेगळी गोल नाकाची गोळी काढलीय ती उगाच नाही. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचे राउंड, मात्र मॅच पिस्तुलात घालू नका, धक्का वाढला की जॅम जाईल वाटतं खरं, पण बोल्ट मागं जोरात आपटून महाग पार्ट फुटतात. तुमच्या पिस्तुलाला दुसरीच गोळी मानवेल, हे धरून चाला. आणि डबा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वंगण मऊ होऊन सगळी धूळ चिकटते. उलट हिवाळ्यात दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजवर सकाळच्या डिटेलला (मॅचच्या तुकडीला) तेच वंगण थिजतं, तिथं काकांची पद्धत साधी, डबा जॅकेटच्या आतल्या खिशात.

मनगटाबद्दल त्यांनी काय बघितलं तेही सांगतो. ब्लोबॅकला मागून घट्ट आधार लागतो, हात सैल पडला की पिस्तूलच बोल्टबरोबर मागं जातं आणि बोल्टचा प्रवास कमी पडतो. पोरीचं मनगट चाळीसाव्या शॉटनंतर सैल पडत होतं. ग्रिपमध्ये तळहाताखाली थोडी पुट्टी भरून घ्या आणि मनगटाचा व्यायाम वाढवा, एवढंच. मॅडमनी लगेच लिहून घेतलं.

जाता जाता मॅचमधलं वागणं शिकवलं, हे सर्व्हिसमध्ये धरलेलं नसतं तरी. मॅचला जॅम झाला तर सरावातल्यासारखा स्वतः काढायचा नाही. पिस्तूल टार्गेटकडं, पकड तशीच, मोकळा हात वर. रेंज ऑफिसर यायच्या आधी बोल्टला बोट लावलं की तेच मालफंक्शन नॉन-अलाउएबल होतं, म्हणजे सवलत जाते, मग कारण कितीही खरं असो. चाप ओढून टिक झालं आणि राउंड फुटला नाही तर अर्धा मिनिट तसंच धरून थांबायचं, उशिरा फुटू शकतो. आणि आवाज नेहमीपेक्षा पोकळ आला, फुस्स झालं, तर पुढचा शॉट अजिबात नाही, गोळी नळीतच बसलेली असू शकते. हे शेवटचं त्यांनी पोरीकडून तीनदा म्हणून घेतलं.

आता तक्रारी. सकाळी ये म्हणाले आणि दुपारी उगवले. फोन उचलत नाहीत, मेसेज तर वाचतच नाहीत. बिल पक्कं मिळतं, क्लबला लागतं ते, पण काय काय केलं ह्याचा तपशील लिहून देत नाहीत, तुमचं तुम्ही लिहून घ्या. बोलतात फार, मधेच फौजेच्या आठवणीत पठाणकोटला पोहोचले की परत चेंबरवर आणायला वेळ लागतो. चाप हलका करून द्या म्हणणाऱ्याला सरळ हाकलतात, नियमात १००० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही आणि ते हजाराच्या काठावर पण ठेवत नाहीत, थोडं वरच ठेवतात. ही तक्रार नाही खरं तर, पण काहींना वाटेल. पैसे त्या दुकानाच्या स्प्रिंगच्या बिलापेक्षा कमी झाले, नवीन मॅगझिन सोडून.

जॅम शून्य झालाय का? नाही. रिमफायर आहे, डब्यात एखादा राउंड खराब निघतोच. पण आता झाला तर पोरगी मॅगझिनचा नंबर आणि कितवा राउंड ते डायरीत टाकते आणि पुढच्या सिरीजला उभी राहते. चेंबर दर प्रॅक्टिसनंतर, मॅगझिन दर रविवारी, आणि हे तिचं तीच करते, मॅडमच्या समोर.

जायचं असेल तर कोचबरोबर, कागदांसकट, आणि मॅगझिन सगळीच्या सगळी न्या, एकच नेऊन भागत नाही. गोळ्यांचा चालू डबा आणि जॅम झालेले राउंड ठेवले असतील तर तेही. आणि पिस्तूल साफ करून चकाचक नेऊ नका, आहे तसं घाणेरडं न्या. आमच्या पुढचा एकजण पॉलिश करून आणला होता, त्याला काकांनी हात न लावता सांगितलं, दोनशे राउंड मारा आणि मग या.